आयन-विनिमयावर काम सुरू करताय? आधी पाणी समजून घ्या

आयन-विनिमयानं, म्हणजे स्वतःकडचे आयन देऊन पाण्यातले आयन धरणाऱ्या रेझिनच्या बारीक मण्यांनी, पाण्यातले जड धातू काढण्याच्या कामात नवीन आलेले विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विचारतात, "सगळ्यात चांगलं रेझिन कोणतं?" मी उलट विचारते, "पाण्यात काय काय आहे?" बरीच वर्षं या विषयात घालवल्यावर माझं ठाम मत झालंय की रेझिनच्या माहितीपत्रकाआधी पाण्याचा अहवाल वाचायला हवा.

एक हिशेब स्वतः करून बघा. पाण्यात लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम शिसं आहे असं धरा. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे हे पाणी पिण्याजोगं नाही. त्याच पाण्याची कठीणता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात २०० मिलिग्रॅम आहे. दोन्ही आकडे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे आयनांवरच्या भाराच्या मापात, आणा. कठीणता येते ४ आणि शिसं येतं जेमतेम ०.०००५. म्हणजे शिशाच्या एका आयनामागे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे सुमारे ८,००० आयन रेझिनवरच्या त्याच जागांसाठी रांगेत उभे आहेत! सल्फोनिक गटाचं नेहमीचं कॅटायन (धनभारित आयन धरणारं) रेझिन लिटरमागे साधारण २ इक्विव्हॅलंट धरतं. एक लिटर रेझिनवरून असं ५०० लिटर पाणी गेलं, की कठीणतेनंच ते जवळजवळ भरतं. शिशाची ओढ कॅल्शियमपेक्षा जास्त असल्यामुळे ते त्यानंतरही काही काळ अडकत राहतं, पण कठीण पाण्यात फक्त एकूण क्षमतेच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. इथे निवडकता लागते. इमिनोडायअ‍ॅसिटेट गटाची कीलेटिंग (धातूला चिमट्यासारखं पकडणारी) रेझिन्स शिसं, तांबं, निकेल यांना कॅल्शियमपेक्षा कितीतरी घट्ट धरतात. पाऱ्यासाठी गंधक असलेला थायॉल गट, कारण पाऱ्याला गंधकाची ओढ जबरदस्त.

म्हणून डिस्टिल्ड पाण्यात लेड नायट्रेट विरघळवून मिळालेल्या निकालावर हुरळून जाऊ नका. तो प्रयोग जरूर करा, पण लगेच पुढचा प्रयोग खऱ्या पाण्याइतकं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम घालून करा. दोन्ही निकालांतलं अंतर हीच तुमच्या प्रबंधातली सगळ्यात कामाची गोष्ट असते.

पीएचबद्दल मी जरा हट्टी आहे. पीएच २ च्या खाली गेला की हायड्रोजन आयनच जागा बळकावतात, हे सगळे वाचतात. वरच्या बाजूचा धोका मात्र निसटतो. पीएच वाढवत नेला की शिसं हायड्रॉक्साइड किंवा कार्बोनेट होऊन खाली बसतं. गाळलेल्या पाण्यात ते दिसत नाही आणि श्रेय रेझिनला जातं. त्यामुळे प्रत्येक पीएचला रेझिन न घातलेली एक बाटली ठेवाच. ती नसलेला आलेख मी तपासायलाही घेत नाही.

धातू पाण्यात कोणत्या रूपात आहे हेही आधी बघा. सहा संयुजेचं क्रोमियम क्रोमेटच्या रूपात ऋणभारित असतं, त्यासाठी अ‍ॅनायन रेझिनच हवं. तीन संयुजेच्या आर्सेनिकवर नेहमीच्या पीएचला भारच नसतो. आधी त्याचं ऑक्सिडीकरण करून ते पाच संयुजेत न्यावं लागतं. त्यानंतर गाठ पडते सल्फेटशी. नेहमीच्या स्ट्राँग बेस अ‍ॅनायन रेझिनला आर्सेनेटपेक्षा (पाच संयुजेच्या आर्सेनिकच्या ऋणभारित रूपापेक्षा) सल्फेट जास्त प्रिय. स्तंभातल्या, म्हणजे रेझिन भरलेल्या नळीतल्या, सगळ्या जागा भरल्यावरही पाणी चालूच ठेवलं, तर सल्फेट आधी अडकलेलं आर्सेनिक हुसकावून लावतं आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते आत आलेल्या पाण्यापेक्षाही जास्त निघू शकतं. पिण्याच्या पाण्यात याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको.

हाताच्या सवयी थोडक्यात सांगते. भांडी आणि बाटल्या शक्यतो प्लास्टिकच्या, त्या नायट्रिक आम्लात धुतलेल्या. नमुने नायट्रिक आम्लानं पीएच २ च्या खाली आणून ठेवायचे, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतींना चिकटतो. कोरडं रेझिन थेट स्तंभात भरायचं नाही. ते फुगतं आणि काच तडकू शकते. मायक्रोग्रॅमच्या पातळीवर मोजताना आयसीपी-एमएस (अतिसूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणारं यंत्र) स्वतः चालवायला शिका. दुसऱ्यानं हातात दिलेल्या आकड्यांतली गडबड ओळखणं फार कठीण जातं.

बाटलीत रेझिन हलवून काढलेला लँगम्यूर आलेख (पाण्यात उरलेल्या धातूच्या संहतीनुसार रेझिननं किती धातू धरला ते दाखवणारा) ही फक्त सुरुवात आहे. लवकरात लवकर स्तंभाकडे वळा. बेड व्हॉल्यूमच्या (रेझिनच्या आकारमानाच्या किती पट पाणी गेलं त्याच्या) आडव्या अक्षावर बाहेरची संहती मांडा आणि ती मार्गदर्शक मूल्य ओलांडते तिथे रेष ओढा. त्यापुढची क्षमता वापरणाऱ्याच्या काही कामाची नाही.

आणि रिजनरेशन (अडकलेला धातू धुऊन रेझिन पुन्हा वापरण्याजोगं करणं) शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. रेझिन धातू नष्ट करत नाही, तो पाण्यातून उचलून थोड्याशा आम्लात एकवटतं. त्या आम्लाचं काय करणार, हे प्रस्तावातच लिहा. धातू परत मिळवणार की साका पाडून घातक कचरा म्हणून देणार? थायॉल रेझिनवरचा पारा तर इतका घट्ट बसतो की पुष्कळदा ते धुण्याऐवजी रेझिनसकट विल्हेवाटीलाच पाठवावं लागतं, आणि तो खर्च पहिल्या दिवशीच हिशेबात धरावा लागतो.