सगळेच प्रिझम सरकलेले दिसत होते, तेव्हा काय केलं

चंद्रपूर-वणी पट्ट्यातली बंद झालेली कोळशाची ओपनकास्ट (उघडी) खाण, डंपवर (खाणीतून काढलेल्या माती-दगडाच्या ढिगावर) झाडंबिडं लावून झालीयेत, तरी उतार हलतोय का हे बघायचं काम चालूच असतं. पावसाळा लागला आणि टोटल स्टेशनवर (अंतर-कोन मोजणारं सर्व्हेचं यंत्र) सगळेच प्रिझम (ज्यांच्यावर यंत्र नेम धरतं ते बसवलेले काचेचे टार्गेट) एकाच दिशेला, जवळपास सारखेच सरकलेले दिसायला लागले. अख्खा डंप असा एका तालात थोडाच सरकतो! त्यात एक प्रिझम पक्क्या खडकावर, तोपण "हलला". म्हणजे गडबड उतारात नाही, आपण जिथून बघतोय तिथे.

बेसचा पिलर (ज्यावर यंत्र बसवतो तो खांब) उकरला तर पाया काळ्या मातीतच संपलेला. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर मिलिमीटरचं काम कसं होणार? मग खाली कामठी सँडस्टोन (वाळूचा पक्का खडक) लागेपर्यंत बोअर मारून नवीन पिलर घेतला, मातीच्या उंचीत बाहेरून पीव्हीसी पाइप घातला म्हणजे माती फुगली तरी काँक्रीटला ओढणार नाही, आणि डंपपासून लांब खडकावर बॅकसाइट पॉइंट (न हलणाऱ्या संदर्भाच्या खुणा) ठेवले, दर वेळी आधी ते चेक.

मग खरं चित्र दिसलं, फक्त वरच्या बेंचचे (डंपच्या पायरीचे) प्रिझम सरकत होते, तेही पावसानंतर. तिथे गवतात भेग सापडली, दोन्ही बाजूंना सळया ठोकून टेपने अंतर मोजायला लागलो (महागड्या सेन्सरआधी हेच करा), गाळाने भरलेली गारलँड ड्रेन (पावसाचं पाणी बाहेर वळवणारा डंपभोवतीचा चर) उपसली. पिझोमीटरमधलं (आतल्या पाण्याची पातळी दाखवणारी नळी) पाणी उतरलं तसा सरकण्याचा वेग कमी झाला. आता एकूण किती सरकलं यापेक्षा वेग वाढतोय का ते बघतो, वाढला की खालचा रस्ता गुराढोरांसकट बंद.