कुंडीतल्या मिरची-टोमॅटोला पेंडीचं पाणी

कुंडीतल्या भाजीला जमिनीतल्यापेक्षा जास्त वेळा खत लागतं कारण आपण रोज पाणी घालतो आणि त्या पाण्याबरोबर खत खालच्या भोकातून वाहून जातं. वाफ्यात लावताना चांगलं कुजलेलं शेणखत मिसळलं असेल तर तिथे एवढी घाई नसते.

मी शेंगदाण्याची पेंड (तेल काढल्यावर उरणारा चोथा) वापरते, मूठभर पेंड एक लिटर पाण्यात तीन-चार दिवस भिजवायची, रोज काडीने ढवळायची, वर फेस येतो आणि वास सुटतो (खूप सुटतो, बादली खिडकीपासून लांब ठेवा), मग गाळून त्यात दहापट साधं पाणी घालायचं, रंग पातळ चहासारखा दिसला पाहिजे. पंधरा दिवसांनी एकदा, कुंडीला मगभर पुरतं. माती कोरडी असेल तर आधी साधं पाणी द्या, नाहीतर मुळांना चटका बसतो.

आणि फुलं यायला लागली की पेंड कमी करा प्लीज, पेंडीतला नायट्रोजन जास्त झाला की झाड नुसतं हिरवंगार माजतं आणि फळ धरत नाही. तेव्हा चमचाभर लाकडाची राख मातीत मिसळा, त्यात फुला-फळांना लागणारं पोटॅश असतं, पण महिन्यातून एकदाच.