संगणक उशिरा सुरू होतो? रजिस्ट्रीला हात लावू नका

फोंडा असो की डिचोली, सकाळी झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळलेलं आणि संगणक अजून सुरूच होतोय, हे चित्र नेहमीचं. पुष्कळदा कारण एवढंच असतं, की विंडोजबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची गर्दी झालेली असते.

विंडोज १० किंवा ११ वर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. चालू प्रोग्राम दाखवणारा टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या स्टार्टअपच्या यादीत ज्यांच्यापुढे 'हाय' लिहिलंय, म्हणजे जे सुरुवातीला जास्त भार टाकतात, ते आधी बघा. गाण्यांचं ॲप, गेम लाँचर, व्हिडिओ कॉलचं ॲप यांवर राइट क्लिक करून 'डिसेबल' निवडा. प्रोग्राम काढला जात नाही. हवा तेव्हा उघडता येतो. अँटिव्हायरस, टचपॅड, साउंड आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर मात्र राहू द्या. नाव अनोळखी असेल तर आधी शोधून बघा.

'शेकडो चुका सापडल्या' म्हणून घाबरवणारे रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे रजिस्ट्रीची सफाई करणारे प्रोग्राम, टाळाच. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगांचा डेटाबेस. तिथल्या जुन्या, बिनकामाच्या नोंदींनी वेग जाणवण्याइतका घटत नाही. पण कामाची नोंद उडाली तर एखादा प्रोग्राम किंवा अख्खं विंडोज बंद पडू शकतं. अशा सॉफ्टवेअरला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. त्यातून पावसाळ्यात सफाई चालू असताना वीज गेली, तर मग बघायलाच नको!

क्लीनर आधीच चालवून बिघाड झाला असेल, तर विंडोजमधल्याच सिस्टम रिस्टोअर या सोयीने आधीच्या तारखेच्या स्थितीला जाता येतं का ते पाहा. आणि मशीनमध्ये जुनी हार्ड डिस्क असेल, तर क्लीनरवर पैसे घालण्यापेक्षा तिच्या जागी एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, बसवून घ्या.