झीझी प्लांट घरात कसं सांभाळावं: पाणी कधी द्यायचं आणि कधी हात आवरायचा

पुण्यात झीझी प्लांट दगावतं ते बहुतेक वेळा जुलै-ऑगस्टमध्ये. उन्हाळ्यात लावलेली 'दर रविवारी एक मग' ही सवय पावसाळ्यातही चालू राहते, हवा दमट, ऊन नाही, माती वाळत नाही आणि कंद आतल्या आत कुजतो. वर पानं मात्र महिनाभर तुकतुकीत दिसत असतात, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही.

हे झाड मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, केनियापासून दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य भागापर्यंतचं. शास्त्रीय नाव झामिओकुल्कस झामिइफोलिया. 1990च्या दशकात डच नर्सऱ्यांनी ते मोठ्या प्रमाणावर वाढवायला घेतलं आणि तिथून ते जगभरच्या घरांत पोचलं. कूळ आपल्या अळूचं आणि सुरणाचं. मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात आणि पाण्याचा साठा त्यांत असतो. मूळ ठिकाणी पाऊस लांबला तर झाड पर्णिका, म्हणजे देठावरची छोटी पानं, गाळून टाकतं आणि कंदावर तग धरतं. पाणी देताना एवढं लक्षात असलं की निम्मं काम झालं.

घेताना

हडपसर-मांजरीकडच्या किंवा सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीत गेलात तर सगळ्यात उंच झाडापेक्षा गच्च, बुंध्याशी ताठ असलेलं झाड निवडा. देठ जिथे मातीत शिरतो तिथे बोटाने हलकं दाबून बघा; मऊ लागला तर ते झाड नको. पोपटी रंगाचा, भाल्यासारखा नवा कोंब दिसत असेल तर उत्तम. काळ्या पानांची जात महाग असते आणि जरा सावकाश वाढते. पहिल्यांदा घेत असाल तर साधं हिरवंच बरं.

भेट म्हणून आलेलं झाड बहुधा भोक नसलेल्या चिनी मातीच्या कुंडीत असतं. त्या कुंडीचा मोह सोडा, किंवा आत भोकं असलेली प्लॅस्टिकची कुंडी ठेवून ती नुसती बाहेरच्या सजावटीपुरती वापरा.

कुंडी बदलणं

आणल्या आणल्या कुंडी बदलू नका, दोन-तीन आठवडे घरच्या हवेत रुळू द्या. बदलायची योग्य वेळ होळीपासून मे अखेरपर्यंत. ऐन पावसाळ्यात मुळांना झालेल्या जखमा लवकर भरत नाहीत. प्लॅस्टिकची कुंडी एका बाजूने फुगली किंवा तडकली असेल तर कंदांना जागा उरलेली नाही असं समजा.

6 इंची कुंडीतलं झाड 8 इंचीत हलवा, थेट 12 इंचीत नको; रिकामी माती ओल धरून बसते. कुंभारवाड्यातली साधी मातीची कुंडी सगळ्यात चांगली, कारण ती बाजूंनीही ओल सोडते. 8 इंची कुंडीसाठी एक लिटरच्या मगाने माप असं घ्या: एक मग चाळलेली लाल माती, एक मग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दीड मग जाड वाळू किंवा परलाइट (हलके पांढरे खडे), अर्धा मग गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. थोडं मिश्रण उरेल. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोनदा तरी स्वच्छ पाण्याने धुवा, तिच्यात क्षार असतात. ओलं मिश्रण मुठीत दाबून सोडलं की ढेकूळ लगेच फुटायला हवं. फुटलं नाही तर आणखी वाळू घाला.

नर्सरीतून आलेल्या झाडाच्या मुळांभोवती बऱ्याचदा चिकट लाल मातीचा गोळा असतो. तो तसाच नव्या मिश्रणात बसवला तर बाहेरची माती कोरडी आणि आतला गोळा ओला राहतो. बोटांनी जमेल तेवढी माती झाडून टाका. कंद पूर्वी होता तेवढाच खोल ठेवा, वर दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त माती नको. लावल्यावर पहिलं पाणी चार-पाच दिवसांनी.

जागा

पूर्वेच्या खिडकीपासून तीन-चार फूट आत, ही सोन्यासारखी जागा. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिलचं दुपारचं ऊन थेट पानांवर आलं तर फिकट, कागदासारखे डाग पडतात आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत. 'अंधारातही वाढतं' असं नर्सरीवाले सांगतात. अंधारात ते काही महिने फक्त टिकतं, नवे कोंब लांब, बारीक आणि उजेडाकडे झुकलेले येतात. दर पंधरवड्याला कुंडी पाव फेरा फिरवा. ड्राय बाल्कनीत ठेवलं असेल तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, पारा 10 अंशांकडे उतरला की, आत घ्या. आणि हवा शुद्ध होईल म्हणून हे झाड घेऊ नका. त्यासाठी खिडकी उघडणं जास्त उपयोगाचं.

पाणी

वार ठरवून पाणी देणं थांबवा. जळून उरलेली अगरबत्तीची काडी घ्या, मसाला लागलेलं टोक मोडून टाका आणि ती कुंडीच्या कडेने तळापर्यंत खोचा. दहा मिनिटांनी काढा. काडीला माती चिकटली किंवा काडीचा रंग गडद झाला असेल तर पाणी नको. कोरडी आली तरी कुंडी उचलून बघा. वाळलेली कुंडी हाताला चटकन हलकी लागते. आठ-दहा वेळा असं केलं की पुढे काडीचीही गरज पडत नाही.

साधारण अंदाज: मार्च ते मे 12 ते 15 दिवसांनी, जून ते सप्टेंबर 25 ते 30 दिवसांनी, ऑक्टोबर-नोव्हेंबर 15 ते 20, थंडीत 20 ते 30. देताना मात्र भरपूर द्या, 8 इंची कुंडीला अर्धा-पाऊण लिटर, खालून पाणी येईपर्यंत. ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. रोज घोटभर पाणी शिंपडणं सगळ्यात वाईट.

टँकर किंवा बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरते आणि पानांची टोकं तपकिरी होतात. पावसाचं साठवलेलं पाणी अधूनमधून वापरा, किंवा वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात, कुंडीच्या दुप्पट पाणी मातीतून जाऊ द्या.

खत फार लागत नाही. मार्च ते ऑगस्ट दर दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत पुरे.

बिघडलं तर

जुनं एखादं पान पिवळं पडून गळालं तर ते वयोमान. एकाच वेळी तीन-चार देठ पिवळे आणि बुंध्याशी मऊ झाले तर कूज लागलीय. पर्णिका सुरकुतल्या तर आधी माती तपासा: कोरडी असेल तर तहान, ओली असेल तर मुळं गेलेली. इथेच लोक फसतात आणि ओल्या मातीत आणखी पाणी घालतात.

कुजलेलं झाड कुंडीतून काढून मुळं धुवा. तपकिरी, वास येणारा भाग स्वच्छ सुरीने पांढरा, कडक गर दिसेपर्यंत कापा, काप बुरशीनाशक पावडरीत बुडवा आणि एक दिवस सावलीत वाळवा. मग छोट्या कुंडीत कोरड्या मिश्रणात लावा, आठवडाभर पाणी नाही. बटाट्याएवढा निरोगी कंद उरला तरी झाड वाचतं.

पानांच्या सांध्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसा, आठवड्याने पुन्हा. धूळ ओल्या फडक्याने टिपा. पानं चमकवायचे स्प्रे नकोत.

झाडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, खाजऱ्या अळूसारखेच. चावलं तर तोंड, घसा आगआगतो. रांगतं मूल किंवा मांजर घरात असेल तर कुंडी उंचावर ठेवा आणि कापाकापीनंतर हात धुवा.

नवं रोप

घाई असेल तर कुंडी बदलतानाच कंद देठासकट वेगळे करा. पर्णिकेपासूनही रोप होतं: बुडापासून तोडा, एक दिवस सुकू द्या, अर्धं कोकोपीट अर्धी वाळू यांत एक सेंटिमीटर खोचा. दोन-तीन महिन्यांत बुडाशी हरभऱ्याएवढा कंद धरतो. कोंब वर यायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि दरम्यान ती पर्णिका सुकली तरी माती उकरू नका, कंद खाली जिवंत असतो.