जुन्या हाडातून आहार कसा शोधायचा

आधी प्रश्न ठरवा मगच हाड कापा, कारण कापलेलं हाड परत जुळत नाही. बरगडीचा अर्धा-एक ग्रॅमचा तुकडा बहुतेक वेळा पुरतो. वरचा थर घासून काढा, मग ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडात थंड जागी ठेवा, अ‍ॅसिड अधूनमधून बदला, काही दिवसांत खनिज विरघळतं आणि तुकड्याच्याच आकाराचं मऊ, लवचिक, अर्धपारदर्शक कोलॅजन, म्हणजे हाडातलं प्रथिन, उरतं, बघायला खरंच भारी वाटतं. धुवून पीएच ३ च्या पाण्यात ७० अंशाला ४८ तास ठेवायचं, गाळायचं, फ्रीज-ड्राय करून (गोठवून वाळवून) मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे जड-हलके अणू वेगळे मोजणाऱ्या यंत्राला, द्यायचं.

रिझल्ट आला की पहिलं कार्बन-नायट्रोजनचं अणु-गुणोत्तर बघा. २.९ ते ३.६ च्या बाहेर असेल तर कोलॅजन खराब झालंय असं समजून सॅम्पल सोडा, कितीही जीव अडकला असला तरी.

आता वाचन. वनस्पतींचे सी-३ आणि सी-४ हे गट प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीवरून पडतात. गहू-तांदूळ अशा सी-३ वनस्पतींचा डेल्टा-१३सी (जड कार्बन-१३ चं प्रमाण ठरलेल्या मानकापेक्षा किती कमी-जास्त, पर मिल म्हणजे हजारात मोजलेलं) उणे २६ च्या आसपास, मका-ज्वारी अशा सी-४ चा उणे १२, कोलॅजनमध्ये त्यावर साधारण ५ ची भर पडते. जड नायट्रोजनचा, म्हणजे नायट्रोजन-१५ चा, असाच आकडा अन्नसाखळीच्या दर पायरीला ३ ते ५ पर मिल चढतो. पण तेवढ्यावरून 'भरपूर मांस खायचे' असं लिहू नका प्लीज, शेणखत घातलेल्या पिकातही हा आकडा चढतो, म्हणून त्याच जागच्या, त्याच काळातल्या जनावरांची हाडं मोजाच. आणि अंगावर पिणाऱ्या बाळांचा नायट्रोजनचा आकडा आईपेक्षा वर असतो, त्यांना मोठ्यांच्या सरासरीत घेऊ नका.