ओला-सुका ओळखणारा डबा बनवताय? या चुका टाळा

अर्डुइनो (कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड), मॉइश्चर म्हणजे ओलावा मोजणारा सेन्सर आणि एक सर्वो (हव्या त्या कोनात फिरणारी छोटी मोटर), एवढ्यात ओला-सुका कचरा आपोआप वेगळा करणारा डबा तयार होतो हे खरंय. पण आमच्याकडे तिसऱ्याच दिवशी आई परत हातानेच कचरा वेगळा करायला लागली.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सेन्सरला ओला कचरा कळतो असं धरून चालणं. त्याला कळतो फक्त ओलावा. कांद्याची वाळकी सालं टाकली की म्हणणार सुका, आणि धुतलेली दुधाची पिशवी टाकली की म्हणणार ओला, म्हणजे दोन्हीकडे बरोब्बर उलटं! यावर कोडमध्ये इलाज नाही, पिशवी निथळून टाकायची आणि सालांसाठी बाजूला एक बटण लावायचं, दाबलं की सरळ ओल्यात. डायपर, पॅड तर या डब्यात टाकूच नका, ते कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळे द्यायचे.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. कचरा आधी सेन्सरच्या प्लेटवर पडतो, चहाचा चोथा तिच्यावरून घसरून गेला तरी ती ओलीच राहते, मग मागून टाकलेलं किराण्याचं कोरडं बिलही ओलं ठरतं. प्लेटला उतार जास्त द्या, अधूनमधून पुसा, आणि वस्तू पडायच्या आधी रिकाम्या प्लेटचं रीडिंग घेऊन त्यातला फरक बघा, एकच ठरलेला आकडा धरून बसू नका.

कुंडीत खुपसायचा दोन दांड्यांचा सेन्सर वापरत असाल तर त्याला सतत करंट देऊ नका, दांड्या गंजतात, त्यात आपल्या खरकट्यात मीठ. सेन्सरचा पॉवर अर्डुइनोच्या डिजिटल पिनवरून (कोडने चालू-बंद करता येते ती) द्या आणि रीडिंगपुरताच चालू करा. कपॅसिटिव्ह सेन्सर (उघड्या धातूच्या दांड्या नसलेला) घेतलात तर उत्तम, फक्त त्याच्या वरच्या सर्किटला पाणी लागू देऊ नका.

धातूसाठी इंडक्टिव्ह सेन्सर (न टेकता जवळचा धातू ओळखणारा) लावलात, तर तो ४ मिमीवरून ओळखतो म्हणतात ते लोखंडासाठी, ॲल्युमिनियमच्या कॅनला त्याच्या निम्मंही अंतर मिळत नाही. चिप्सच्या चकचकीत पाकिटाचा तर नाद सोडा, त्यावरचा थर फारच पातळ असतो. आणि तो १२ व्होल्टवर चालवत असाल तर सिग्नलची वायर थेट अर्डुइनोला जोडू नका, मी एक पिन अशीच उडवलीय.

झाकण हललं की बोर्ड रिसेट होतोय? कोड तपासत बसू नका, सर्वो करंट ओढतोय. त्याला वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय द्या, ग्राउंड (मायनसची वायर) मात्र सर्वो आणि अर्डुइनो दोघांचा एकच हवा, नाहीतर सर्वो नुसता थरथरत बसतो.