डबी नसलेला खजिना: काळा घोडा आणि जिओकॅशिंग

उपग्रहांच्या आधाराने, दिलेल्या स्थानांकावर (अक्षांश-रेखांशांवर) कुणीतरी लपवलेली डबी, म्हणजे ‘कॅश’, शोधायची, हा जिओकॅशिंगचा खेळ. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि लगेच ओरेगॉनमध्ये पहिली डबी लपवली गेली. पुतळा किंवा शिल्प असेल तिथे मात्र कधीकधी डबीच नसते. या ‘व्हर्च्युअल’ कॅशमध्ये प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय देता येणार नाही असं उत्तर मालकाला, म्हणजे तो कॅश रचणाऱ्याला, कळवायचं असतं. मला हाच प्रकार जास्त आवडतो. अशी फेरी कशी करावी, ते मुंबईच्या फोर्ट भागातल्या काळा घोडा चौकात, घोड्याच्या पुतळ्यापाशी पाहू.

१. निघण्याआधी
जिओकॅशिंगच्या अ‍ॅपमध्ये खातं उघडा आणि फोर्ट परिसराचा नकाशा पाहा. निवडलेल्या कॅशचं वर्णन आणि आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी नीट वाचा. अलीकडे लागोपाठ ‘सापडला नाही’ असंच लिहिलेलं दिसलं, तर दुसरा कॅश निवडा. रविवारी सकाळी लवकर जा, तेव्हा ऑफिसांची वर्दळ नसते.

२. शेवटचे दहा मीटर
स्थानांकातल्या मिनिटाचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण जेमतेम १.८५ मीटर. फोन मात्र इतका नेमका नसतो. फोर्टात उंच इमारतींवर आपटून सिग्नल फिरतो आणि बाण रस्त्याच्या पलीकडेही दाखवतो. घोडा दिसला की फोन खिशात ठेवा.

३. शिल्प वाचा
इथे घाई करू नका. आधी लांबून पूर्ण फेरी मारा, मग जवळ या. घोड्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे? किती खूर टेकलेत? चौथऱ्यावर काय कोरलंय? असे प्रश्न बऱ्याचदा विचारले जातात.

मग पाठीकडे पाहा. स्वार नाही. मूळ ब्राँझच्या पुतळ्यात घोड्यावर ब्रिटनचा युवराज, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड, बसलेला होता. त्याच्या १८७५-७६ च्या भारतभेटीची आठवण म्हणून व्यापारी अल्बर्ट ससून यांनी तो शिल्पकार जोसेफ एडगर बोहम यांच्याकडून करवून घेतला. १९६५ मध्ये तो इथून हलवला, पण लोकांच्या तोंडी चौक काळा घोडाच राहिला. २०१७ मध्ये नवा घोडा आला: कल्पना वास्तुरचनाकार अल्फाज मिलर यांची, शिल्पकार श्रीहरी भोसले, उंची सुमारे २५ फूट. शहराने घोडा परत आणला, राजाला नाही. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. प्रश्नाचं उत्तर सापडलं म्हणून ती रिकामी पाठ न पाहताच निघू नका.

४. हात कुठे लावू नये
चौथऱ्यावर चढू नका, फटींमध्ये बोटं घालू नका. गर्दीच्या शहरात बेवारस डबीचा संशय येतो आणि तो रास्तच आहे. पोलिसाने विचारलं, तर अ‍ॅप दाखवून सरळ सांगा. आसपास खरी डबी असलेला कॅश असेल, तर स्वतःचं पेन न्या, डबीतल्या वहीत नाव लिहा आणि डबी होती तशीच ठेवा. आतली वस्तू घेतलीत, तर निदान तितक्याच मोलाची दुसरी ठेवा.

५. नोंद
उत्तर मालकाला खासगी निरोपाने पाठवा, जाहीर नोंदीत लिहू नका. उत्तर फुटेल असा फोटोही टाकू नका. नुसतं ‘सापडला’ लिहिण्यापेक्षा काय पाहिलंत ते दोन ओळींत लिहा, पुढच्याला ते उपयोगी पडतं.

६. जुना घोडा
वेळ असेल तर सीएसएमटीहून लोकलने भायखळ्याला उतरा. राजासकट मूळ पुतळा राणीच्या बागेत आहे. तिथेच, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी, घारापुरीहून आणलेला दगडी हत्तीही आहे. इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले होते, तेव्हा तो फुटला. नंतर तुकडे जोडून उभा केला. बाग बुधवारी बंद असते.